जन्मवेळ आणि बटण सेल

"आधी आईला आणा," असं म्हणत सिस्टर दार निम्मंच उघडायच्या. उरलेल्या निम्म्यात त्या स्वतः उभ्या राहत, त्यामुळे आत शिरण्याचा प्रश्न नव्हता. आलेल्या माणसाच्या हातात मिठाईचा पुडा असो किंवा नगरसेवकाची चिठ्ठी, वाक्य तेच. आई हयात नसेल तर ज्याची जन्मवेळ हवी आहे त्यानं स्वतः यायचं. आत्या, मामा, होणारी सासू आणि वधू-वर सूचक मंडळाचे उत्साही कार्यकर्ते यांना त्या दारात प्रवेश नव्हता.

तुम्ही पनवेलमध्ये जन्मलेले असाल आणि वयानं तिशीच्या आसपास असाल, तर कधीतरी तुमची आई त्या दारापर्यंत गेली असण्याची बरीच शक्यता आहे. गेली नसेल, तर तुम्ही प्रेमविवाह केला असणार.

सिस्टर नवीन पनवेलमध्ये आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. मूळच्या उरणकडच्या, मिठागरवाल्या घरातल्या. सगळी नोकरी जुन्या पनवेलमधल्या एका प्रसूतिगृहात झाली. ते प्रसूतिगृह आता नाही. डॉक्टर गेले, त्यांच्या मुलांनी जागा विकली आणि तिथे आता मोबाइलची फुटलेली काच बदलून देतात. जुनी रजिस्टरं वाळवीनं वाचून संपवली. नगरपालिकेच्या दाखल्यावर जन्माची तारीख असते, वेळ नसते, कारण सरकारला ती लागत नाही. ती लागते ज्योतिषाला, आणि तीही मूल जन्मल्यावर पंचवीस वर्षांनी. मग घरात साक्षीपुरावे सुरू होतात. वडील सांगतात की संध्याकाळ होती. आई सांगते की दिवे लागले नव्हते. आत्या सांगते की मी डबा घेऊन आले होते, म्हणजे दुपारच. एवढ्या भक्कम पुराव्यावर पत्रिका मांडता येत नाही, म्हणून शेवटी सगळे सिस्टरांकडे येत. सिस्टरांकडे प्रत्येक बाळंतपण मिनिटासकट होतं.

होतं ते एका डिजिटल डायरीत. ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पाकिटाएवढं, पुस्तकासारखं उघडणारं यंत्र, आत हरभऱ्याच्या डाळीएवढी बटणं आणि वरच्या पानावर करड्या काचेचा पडदा. मोबाइल येण्याआधी साहेब लोक त्यात फोन नंबर ठेवत आणि यंत्र घरी विसरून येत. सिस्टरांना ती एका बाळाच्या बापानं दुबईहून आणून दिली होती, तीन मुलींवर मुलगा झाला म्हणून. सिस्टरांनी ती घेतली आणि त्याच्या तीन मुलींच्या वेळा वहीतून शोधून आधी घातल्या. मुलगा चौथा. मग दोन वर्षं खपून जुन्या सगळ्या वह्या त्यांनी त्यात उतरवल्या, आईचं आडनाव, तारीख, वेळ, मुलगा की मुलगी, आणि वह्या रद्दीत दिल्या.

"एक गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की एका ठिकाणी चुकते," असं त्यांचं म्हणणं होतं.

मी विचारलं होतं की एकाच ठिकाणी लिहिली आणि तिथेच चुकली तर. त्यांनी माझ्याकडे, नवशिक्या नर्सनं सुई उलटी धरली तर बघावं तसं बघितलं होतं.

एकोणीसशेच्या वर नोंदी होत्या. मी एकदा म्हटलं, मला द्या, मी कॉम्प्युटरवर उतरवून देतो, चार रविवारांचं काम आहे. त्या म्हणाल्या की ह्या वेळा त्यांच्या नाहीत, आयांच्या आहेत, आणि मी कुणाचीही आई नाही.

तर, एक बाई एकदा मुलीची आई म्हणून आल्या. भारी साडी, पेढे, डोळ्यांत अशा प्रसंगासाठी राखून ठेवलेलं पाणी. सिस्टरांनी विचारलं, "टाके किती पडले होते?" बाई जरा गडबडल्या आणि म्हणाल्या, "सिझेरियनचे टाके कोण मोजत बसतं हो?" सिस्टर म्हणाल्या, "तिचं सिझेरियन नव्हतं. तुम्ही मुलाकडच्या. तिच्या आईला पाठवा." बाई गेल्या. पेढेही बरोबर घेऊन गेल्या, हे मी खिडकीतून पाहिलं.

दुसरे एक गृहस्थ नेऱ्याहून आले होते. जमीन नुकतीच विकली असावी, कारण गाडी आमच्या फाटकातून आत येईना. त्यांनी बायकोला रीतसर बरोबर आणलं होतं, म्हणून वेळ मिळाली. पण ती त्यांना आवडली नाही. म्हणाले, "सिस्टर, आमचा भटजी बोलतो, अकरा मिनटं मागं घेतली तं पोरीचा मंगळ जातो. तुमी बगा ना जरा."

सिस्टर एरवी नर्सिंगच्या पुस्तकातलं मराठी बोलत. राग आला की उरण बाहेर यायचं. "अकरा मिनटं तुजी बायको कळा सोसत व्हती," त्या म्हणाल्या. "ती आदी मागं घे, मंग मी वेळ मागं घेते."

बायको इतकी हसली की गृहस्थांना तिला धरून गाडीपर्यंत न्यावं लागलं.

आता सेलांकडे येतो, कारण ही हकिगत खरं तर सेलांची आहे.

त्या डायरीत टीव्हीच्या रिमोटला लागतात तसले दोन बारीक सेल लागत. शेजारी, एका वेगळ्या झाकणाखाली, एक चपटा बटण सेल. दोन सेल यंत्र चालवायचे. बटण सेल एरवी काहीच करायचा नाही. मोठे सेल बदलताना, जुने काढले आहेत आणि नवे अजून बसले नाहीत अशा मधल्या वेळात, आतल्या सगळ्या नोंदी तो एकटा धरून ठेवायचा. आमच्या सोसायटीच्या कमिटीत असा एकही सभासद नाही.

सेल बदलणं हा सिस्टरांकडे विधी होता. आधी हात धुवायचे. टेबल रिकामं करायचं. नवे सेल वेष्टनातून काढून तयार ठेवायचे, मगच झाकण उघडायचं. कुणी बोलायचं नाही. मी एकदा हजर होतो आणि सवयीनं घड्याळ बघितलं, चाळीस सेकंद लागले. मग दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी, सलाइनच्या बाटलीवर लावतात तशी, यंत्राच्या पाठीवर लावून त्यावर तारीख लिहायची. जुन्या पट्ट्या त्या टाकत नसत. स्टीलच्या एका डबीत सगळ्या ठेवलेल्या होत्या. त्यांच्यावरून दिसत होतं की सेलांची एक जोडी सरासरी पाच महिने जाते.

एक दिवस सिस्टर ती डबी घेऊन माझ्याकडे आल्या. पाच महिन्यांचे चार झाले होते, चाराचे तीन, आणि शेवटची जोडी अकरा आठवड्यांत संपली होती. दुकानदार जुना माल गळ्यात मारत असणार, असा त्यांना संशय होता. "तुम्ही मोजणारे आहात," त्या म्हणाल्या. "बघा काय ते."

मी मोजणारा आहे हे खरं आहे. घरातला सिलिंडर किती दिवस गेला, गच्चीवरची टाकी किती मिनिटांत भरते, जिन्यातला दिवा किती महिने टिकला, हे माझ्या वहीत असतं. बायकोच्या मते ही माहिती आजवर कुणाच्या उपयोगी पडली नाही. सिस्टरांच्या उपयोगी पडली असती तर बरं झालं असतं.

मी तीन दिवस घेतले आणि रिचार्जेबल सेलांचा निर्णय दिला. पाकिटावर लिहिलं होतं की पाचशे वेळा चार्ज होतात. एका चार्जमध्ये दोन महिने धरले तरी त्र्याऐंशी वर्षं. सिस्टर तेव्हा चौसष्ट वर्षांच्या होत्या, म्हणजे त्यांची एकशे सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंतची सोय होत होती. हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं.

"एवढं नको," त्या म्हणाल्या. पण कागद बघून त्यांनी मान डोलावली. आयुष्यभर डॉक्टरांचे कागद बघून मान डोलावलेली बाई होती ती, माझाही कागद त्याच विश्वासानं घेतला.

मी चार्जर आणला आणि दोन सेल आणले. दुकानदार म्हणत होता चार घ्या, दोन यंत्रात, दोन चार्जिंगला. मी त्याला सांगितलं की यंत्रात जागा दोनच आहे. त्याच्यावर मात केल्याचं समाधान मला घरी येईपर्यंत पुरलं.

पहिल्याच दिवशी पडद्यावर 'लो बॅटरी' अशी खूण आली. सिस्टर घाबरून वर आल्या. मी त्यांना समजावलं की साधा सेल दीड व्होल्टचा असतो आणि रिचार्जेबल एक पॉइंट दोनचा. दोन सेलांत मिळून पॉइंट सहाचा फरक पडतो, म्हणून यंत्राला उगाच वाटतं की सेल मरायला टेकलेत. पूर्ण भरलेला सेल असला तरी ते तसंच म्हणणार.

"मग खरंच संपत आले तर कसं कळायचं?"

मी म्हणालो, दर तीन आठवड्यांनी चार्ज करा, आणि त्या खुणेकडे दुर्लक्ष करा. जबाबदारी माझी. तीन आठवडे हा आकडाही मीच काढला होता, कारण दोन महिने काही ते सेल गेले नाहीत. न वापरताही आतल्या आत रिकामे होत. पण पाचशे गुणिले तीन आठवडे म्हणजे अजूनही अठ्ठावीस वर्षं होती, आणि माझ्या दृष्टीनं कागद शाबूत होता.

नऊ महिने सगळं सुरळीत चाललं. हा आकडा मी हौसेनं घातलेला नाही, वहीत तोच आहे.

ते नऊ महिने भरत आले असताना एकदा मी ऑफिसातून येऊन जिना चढत होतो. सिस्टर दारात डायरी उघडी धरून उभ्या होत्या. म्हणाल्या की आज ती खूण जरा वेगळी दिसतेय, शेजारी एक बारीक अक्षर आलंय. माझ्या दोन्ही हातांत भाजी होती. मी थांबलो नाही. दुर्लक्ष करा, असं म्हणालो आणि वर गेलो. पायऱ्या किती होत्या ते मला पाठ आहे, पण त्या अक्षराकडे बघायला मी एक पायरी खाली उतरलो नाही.

पुढच्या आठवड्यात, सकाळी, आमची बेल वाजली. सिस्टर कधी सकाळच्या कुणाकडे जात नसत. त्यांनी डायरी उघडून माझ्यासमोर धरली. पडद्यावर एक जानेवारी होती, बारा वाजून शून्य मिनिटं. खाली एक रेघ उघडझाप करत होती.

"आत कुणी नाही," त्या म्हणाल्या.

मी बटणं दाबली. सेल काढले, घातले. माहितीपुस्तक काढलं. त्यात ते अक्षर होतं, चित्रासकट. बटण सेल संपत आल्याची ती खूण होती, ताबडतोब बदला असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. मग मी जो हिशोब नऊ महिन्यांपूर्वी करायला हवा होता तो केला. पूर्वी सेल बदलायला चाळीस सेकंद लागत. पाच महिन्यांतून एकदा, वीस वर्षं, म्हणजे बटण सेलांनी वीस वर्षांत सगळी मिळून बत्तीस मिनिटं नोकरी केली होती. माझ्या योजनेत सेल दोनच होते, त्यामुळे ते चार्जिंगला लावले की यंत्र आठ तास उपाशी. तेरा वेळा आठ तास, एकशे चार तास. त्या जुन्या मालातल्या चपट्या सेलानं एकशे चार तास एकोणीसशे पोरं एकट्यानं धरून ठेवली आणि चौदाव्या वेळी सोडली. मी सेल किती वर्षं जातील ते मोजलं होतं. ते बाहेर असताना आत कोण असेल, हे मोजलं नव्हतं.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. व्होल्टसकट.

"म्हणजे तुमच्या सेलांनी," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो.

"बरं," असं म्हणून त्यांनी डायरी मिटली आणि खाली गेल्या.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. काही उपाय निघतो का बघायला, असं कारण होतं. दोन दुरुस्तीवाले झाले. एकानं डायरी उलटसुलट करून विचारलं की काका, हे कॅल्क्युलेटर आहे का. दुसऱ्यानं सांगितलं की गेलेलं परत येत नाही, आणि त्या सांगण्याचे पैसे घेतले नाहीत. एवढा सज्जन माणूस त्या महिनाभरात दुसरा भेटला नाही.

अशाच एका संध्याकाळी एक आई मुलीला घेऊन आली. नियमाप्रमाणे, स्वतः. मुलगी दाराशी चपला काढून उभी राहिली. मुलाकडचे लोक चांगले होते, मुलगा मुलीलाही आवडला होता, साखरपुड्याचा हॉल बघून झाला होता. फक्त त्यांच्या घरी पत्रिका जुळल्याशिवाय पुढचं पाऊल टाकत नसत, आणि अंदाजे वेळ चालणार नाही असं त्यांनी कळवलं होतं. रविवारपर्यंत हवी होती. आईला एवढंच आठवत होतं की सकाळ होती आणि बाहेर दुधाच्या कॅनांचा आवाज येत होता.

सिस्टरांनी डायरी उघडली. उघडायची काही गरज नव्हती. बारा वाजून शून्य मिनिटांकडे त्या बघत राहिल्या. आई आणि मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

मी टेबलाच्या पलीकडे बसलो होतो. दुकानदाराच्या बिलात चार आणे जास्त दिसले तरी परत जाणारा माणूस मी. सोसायटीच्या ताळेबंदात गोळाबेरीज केली म्हणून तीन खजिनदारांशी माझं वाकडं आहे. पण त्या क्षणी मला मनापासून वाटलं की बाईंनी एखादी वेळ ठोकून द्यावी. सहा वीस, सात पाच, काहीही. कोण तपासणार होतं? मी हळूच म्हणालोसुद्धा, "सिस्टर, अंदाजे सांगून टाका ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"मला माहीत नाही," सिस्टर त्या आईला म्हणाल्या. "होती माझ्याकडे. माझ्या हातून पुसली गेली."

माझ्या हातून, असं म्हणाल्या. मी समोर बसलो होतो.

ती आई भांडली नाही. बरं म्हणाली. मुलीनं चपला घातल्या. दोघी फाटकाबाहेर गेल्या. ते स्थळ मोडलं. वर्षभरानं त्या मुलीचं दुसरीकडे जमलं, पत्रिका न बघता, आणि चांगलं जमलं असं ऐकतो. पण त्या संध्याकाळी फाटकाबाहेर जाताना हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

मग बोलणी सुरू झाली. सिस्टर एका बाजूकडून पैसे घेऊन दुसऱ्या बाजूची वेळ दाबून ठेवतात, असं एक मत होतं. म्हातारपणी भाव खातात, असं दुसरं. तिसरं मत आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होतं आणि ते बायकोनं मला वाचून दाखवलं नाही. ज्या बाईनं वीस वर्षांत एक मिनिट विकलं नव्हतं, तिच्याबद्दल हे चाललं होतं, आणि ती रोज सकाळी त्याच बायकांना फाटकापाशी गुडघ्याचे व्यायाम सांगत होती.

मी दोन महिने गप्प होतो. हाही आकडा वहीत आहे. मग एक सविस्तर नोटीस लिहिली: सिस्टरांच्या यंत्रातील नोंदी माझ्या चुकीच्या सल्ल्यामुळे नष्ट झाल्या, तेरा वेळा आठ तास, एकूण एकशे चार, कळावे. सही केली आणि फलकावर लावली. पाण्याच्या वेळापत्रकाच्या आणि हरवलेल्या मांजराच्या मध्ये जागा होती.

संध्याकाळी सिस्टर ती नोटीस हातात घेऊन वर आल्या. टाचण्याही वेगळ्या परत केल्या.

"हे कोण वाचणार?" त्या म्हणाल्या. "त्या मुलीच्या आईला जाऊन सांगा."

गेलो. बेलपाड्याला राहायच्या त्या. मी सेल, व्होल्ट, आठ तास, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा दिला आणि विचारलं, "मग आता वेळ मिळेल का?" मी नाही म्हणालो. "मग सिस्टर खरं बोलत होत्या," त्या म्हणाल्या. एवढंच त्यांना त्यातून निघण्यासारखं वाटलं. पुढे त्यांनी ते चार ठिकाणी सांगितलं असावं, कारण ग्रुपवरचं तिसरं मत हळूहळू बंद पडलं. माझ्या नोटिशीबद्दल मात्र अजून विचारतात, ते मांजर सापडलं का.

त्या पावसाळ्यानंतर सिस्टर उरणला भाच्याकडे राहायला गेल्या. लोक येईनासे झाले होते आणि गुडघे बोलू लागले होते, यातलं कारण कोणतं ते त्यांनी सांगितलं नाही. निघायच्या दिवशी मी त्यांच्या पिशव्या रिक्षापर्यंत नेल्या. रिक्षा यायला वेळ होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो की आमच्या मधुराचंही आता बघायला लागलोय. मधुरा आमची मुलगी, सिस्टरांच्याच प्रसूतिगृहात झालेली. तिची वेळही त्या एकोणीसशेंबरोबर गेलीच होती, म्हणून त्याबद्दल मी काही विचारलं नाही.

"दहा बेचाळीस," सिस्टर म्हणाल्या. "सकाळी."

मी म्हणालो, तुम्हाला पाठ आहे?

"सगळ्या नाही. जी पोरं आल्याबरोबर रडली ती मशीनमध्ये गेली. ज्यांनी वेळ लावला त्या वेळा मला मशीनमध्ये बघाव्या लागत नव्हत्या." त्यांनी एक पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मधुरा दहा एकोणचाळीसला बाहेर आली. रडली बेचाळीसला. मी रडल्याची वेळ लिहायचे."

मी मनात वजाबाकी केली. तेवढीच मला येते.

"तीन मिनिटं," मी म्हणालो. "आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"सांगून काय करणार होता तुम्ही?" त्या म्हणाल्या. "डॉक्टर पाठ चोळत होते, मी तोंडातलं ओढून काढत होते. तुम्ही चहा प्यायला गेला होतात. बरं केलंत. इतकी वर्षं तुम्ही जिन्यात दिसलात की मला ती तीन मिनिटं आठवायची."

अशी किती, मी विचारलं. न विचारून राहवलं नाही.

"एकतीस," त्या म्हणाल्या, आणि रिक्षा आली.

वर्षभरात त्या गेल्या. भाच्याचा फोन आला तेव्हा दिवस होऊन गेले होते. तळमजल्यावर आता एक बँकवाले कुटुंब भाड्यानं राहतं. त्यांचं दार पूर्ण उघडतं.

गेल्या महिन्यात मधुरासाठी एक बरं स्थळ आलं. मुलाच्या वडिलांनी मोबाइलवर फॉर्म पाठवला आणि बरोबर फोन केला. "आमचा काही विश्वास नाही हो, पण आजीसाठी." प्रत्येक घरात एक विश्वास असलेली आजी असते, म्हणून बाकी कुणाला विश्वास ठेवावा लागत नाही. फॉर्ममध्ये जन्मवेळेचा रकाना होता, तास आणि मिनिटं. बायकोला विचारलं. ती म्हणाली साडेदहाच्या पुढे, कारण तुम्ही चहाला गेला होतात.

दहा एकोणचाळीस की दहा बेचाळीस, यावर मी बराच वेळ घालवला. मूल जन्मलं कधी म्हणायचं, बाहेर आलं तेव्हा की आवाज काढला तेव्हा, यावर विचारायला आता कुणी नव्हतं. शेवटी बेचाळीस लिहिलं. त्यांनी तेच लिहिलं होतं.

फॉर्म पाठवून दिला आणि मोबाइलवर तीन मिनिटांचं घड्याळ लावलं. आकडा मला कळला होता, केवढा आहे ते कळलं नव्हतं. पहिलं मिनिट बरं गेलं. दुसऱ्यात पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली, मग शेजारच्यांचा कुकर. एक मिनिट पन्नास सेकंदांवर मी मधुराला हाक मारली. ती आतल्या खोलीत दार लावून ऑफिसचं काम करत होती. ओ आली नाही. मी पुन्हा मारली, जरा मोठ्यानं.

"काय आहे बाबा, मीटिंग चालू आहे माझी," ती आतून करवादली.

"काही नाही," मी म्हणालो आणि घड्याळ बंद केलं.